खाजगी कारणास्तव

लालबाग,
८ जानेवारी २०२४

ती. कमलताईस,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

मुंबईतल्या मुंबईत, लालबागहून माझगावला पत्र आलेलं बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग कोण गेलं म्हणून घाबरशील. कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की भिंतीपलीकडच्या तात्यांना सगळं नीट ऐकू जातं. व्हॉट्सअ‍ॅप करावं तर तुझा मोबाइल सौमित्र उघडून देतो. आणि ही गोष्ट तुझ्या लेकालासुद्धा इतक्यात कळायची नाही, म्हणजे नाही.

ताई, माझ्या मनवाला दिवस गेलेत. दुसरा महिना सरत आलाय. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे. जावईबापूंची, म्हणजे विनीतची, नोकरी फिरतीची, घरात दुसरं बाईमाणूस नाही, तेव्हा माहेरी येऊन राहावं असं पोरीच्याच मनात आहे. मला तर काय करू नि काय नको असं झालंय. पण तिने एक अट घातली आहे. ती कशासाठी आली आहे हे चाळीत कोणाला कळता कामा नये. कळलं तर त्याच पावली परत जाईन म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? मागच्या खेपेला तात्यांनी भिंतीतून ऐकलं आणि जिन्याखालच्या फळ्यावर, जिथे ते पाण्याच्या वेळा नि दहावीचे निकाल लिहितात तिथे, ठसठशीत अक्षरात लिहिलं की पहिल्या मजल्यावरच्या मनवाकडे गोड बातमी, हार्दिक अभिनंदन. वर रंगीत खडूने कमळ काढलं! आठव्या दिवशी सगळं संपलं. मग रोज एकेक बाई सांत्वनाला, आणि पोर उशीत तोंड खुपसून पडलेली. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती इथे एकदाही राहिलेली नाही. येते ती सणाला, तासाभरापुरती.

तात्या काय, गिरणीतले टाइमकीपर. गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, काकीही गेल्या, पण यांचं हजेरी घेणं सुटत नाही. बरोब्बर आमच्या खिडकीबाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मांडीवर मस्टर. चाळीत कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सगळं त्यात. मी गवार आणली की शेवगा, हेही त्यांना माझ्या आधी ठाऊक. ह्यांना सांगितलं की म्हणतात, तात्या देवमाणूस आहे. असेल बाई, पण देवसुद्धा देव्हाऱ्यात राहतो, खिडकीत नाही.

काय करू ते लिही. पाकिटातून लिही, कार्ड तात्या वाचतात. तुझी माया आजवर आटली नाही, यापुढेही आटू देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा


माझगाव,
१३ जानेवारी २०२४

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद, आणि मनवाला त्याहून चार जास्त.

पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. सूनबाईने विचारलं, साखर कशाला? म्हटलं, मुंग्यांना. तेव्हा माझ्या तोंडाची काळजी करू नकोस.

कानांचं मात्र उगाच काढलंस. सौमित्रने यंत्र आणून दिलंय. लावलं की मिक्सर विमानासारखा घोंघावतो, म्हणून ते डबीत ठेवलंय.

आता तात्यांचं. तू लहानपणापासून भिडस्त. भीड भिकेची बहीण, हे आई तुला सांगून सांगून थकली. सोबत जाड पडदा पाठवते आहे, माझ्या जुन्या घरचा आहे, त्यातून ऊनही शिरत नाही तर तात्या काय शिरणार. खिडकीच्या काचांना तो धुरकट कागद मिळतो, तो लाव. आणि नवऱ्याला पुढे कर. शेजाऱ्याशी बोलायला पुरुषमाणूस नको तर कशाला हवा आहे? फक्त पाठवताना काय बोलायचं ते पाठ करून घे त्याच्याकडून.

पोरीला म्हणावं, मावशी पाठीशी आहे. तुझ्यावर रागावते तेव्हाही जीव तुझ्यातच असतो, हे काय वेगळं लिहू.

तुझी,
ताई


लालबाग,
२४ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडदा पोचला. लावला. दुपारी बघते तर तात्यांनी तो बाहेरून हात घालून सुतळीने गजाला बांधून ठेवलेला. वर मलाच सांगितलं की हवा अडते, घामोळं येईल, आता पुन्हा सोडू नकोस. धुरकट कागद लावला तर मजल्यावर सगळ्यांना सांगत सुटले की सुनेत्राच्या खिडकीला मोतीबिंदू झालाय.

मग ह्यांना पाठवलं. पाठ करवून पाठवलं हो! दीड तासाने आले ते तात्यांच्या हातची कुळथाची पिठी नि भात जेवून. विषय काढायचा राहूनच गेला म्हणे. माझी अशी सणक गेली डोक्यात, की मी रात्रीचं जेवणच वाढलं नाही. तर म्हणतात, भूकही नाहीये.

काल मात्र वेगळंच झालं. तात्या खाली पाण्याचा वॉल्व्ह बघायला गेले आणि मस्टर खुर्चीवर राहिलं. म्हटलं, बघूच काय लिहितो हा माणूस आमच्याबद्दल, आणि ते नेऊन टाकूच चाळ कमिटीपुढे. दुसऱ्याने डोकावलेलं चालत नाही म्हणणारी मी, स्वतःच डोकावले. मनवाच्या नावाचं वेगळं पान आहे, ताई. त्यावर फक्त रविवारच्या तारखा. दोन वर्षांचे सगळे रविवार, आणि प्रत्येकापुढे लाल शाईत एकच शब्द. खाडा. खाडा. खाडा.

तुला आठवतं का? पहिलीपासून ती दर रविवारी तात्यांच्या मांडीला मांडी लावून मस्टरचे रकाने आखून द्यायची आणि मजुरी म्हणून चिक्की घ्यायची. लग्नानंतरही रविवारी आली की आधी तिकडे जाऊन एक पान आखायची, मग घरात शिरायची.

रागाने गेले होते ती डोळे पुसत परत आले. ती का येत नाही हे त्यांना ठाऊकच नाही गं. सगळी चाळ त्यांच्यासमोर गप्प राहिली, मीही राहिले. पण ताई, कीव आली म्हणून धोका कसा पत्करू? मनवा दहा फेब्रुवारीला यायचं म्हणते आहे. तात्यांच्या तोंडून पुन्हा शब्द फुटला तर माझी लेक कायमची तुटेल.

लवकर लिही. तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
सुनेत्रा


माझगाव,
२९ जानेवारी २०२४

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि मला आपले आप्पा आठवले. तू तेव्हा फ्रॉकातली, तुला नाही आठवायचं. आई आजारपणात महिनाभर कोकणात राहिली, तेव्हा आप्पा पंधरा दिवस गिरणीत गेले नव्हते. न सांगता घरी राहिलास तर खाडा, अर्ज दिलास तर रजा, असा तिथला कायदा. आप्पांनी अर्जात लिहिलं, खाजगी कारणास्तव. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, कुठे कुठे खोदून पाहिलं, खात्यातले लोक भंडावत राहिले. पण टाइमकीपरने एका शब्दाने विचारलं नाही. आप्पा सांगायचे, ते दोन शब्द कागदावर आले की टाइमकीपरच्या तोंडाला कुलूप. तो त्यांचा धर्मच.

अगो, तुम्ही त्या माणसाला पडदा दाखवलात, काच दाखवलीत, पण कागद कुठे दिलात? अर्ज दे. रीतसर, मनवाच्या हातचा. आणि फळ्याचं त्यांना तोंडावर सांग. गुन्हा न सांगता दोन वर्षं शिक्षा दिलीत तुम्ही त्यांना. फाशी देतानासुद्धा आधी वाचून दाखवतात.

भिऊ नकोस. मी आहे, ऐकू येवो न येवो.

ताई


लालबाग,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न., आणि आज नमस्कार खरोखर वाकून.

मनवाने आधी फोनवरच कटकट केली. मग मी तिला खाड्यांचं पान सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाकिटात अर्ज आला. माननीय टाइमकीपरसाहेबांस, दहा फेब्रुवारीपासून मी खाजगी कारणास्तव रजेवर येत आहे, तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती. आपली विश्वासू, वगैरे.

तो घेऊन मी तात्यांपुढे उभी राहिले. फळ्याचं सगळं सांगितलं, बायकांचं सांगितलं, उशीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. वाद घातला नाही, सारवासारव केली नाही. इतकंच म्हणाले की तिला कमळ आवडतं म्हणून काढलं होतं. मग अर्ज घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या लग्नापासून भरदिवसा मी ते दार लागलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता हे उभ्या जन्मात बोलायचे नाहीत.

संध्याकाळी दाराखालून कागद सरकला. तोच अर्ज. कोपऱ्यात लाल शाईत मंजूर, खाली सही, तारीख. आणि त्याखाली लिहिलेलं, कारण विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची फिरलेली होती. पाठ आमच्या खिडकीकडे, तोंड जिन्याकडे. तुझा पडदाही त्यांनी स्वतः सोडला.

शनिवारी मनवा आली. तात्या उठून उभे राहिले. सवयीने हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मग ते काढून खिशात टाकलं. ती खाली वाकायला गेली तर मागे सरले, वाकू नकोस म्हणाले. म्हणजे ओळखलं असणारच. पण ब्र काढला नाही! दुसऱ्या मजल्यावरची रखमा चौकशीला आली, तिला ऐकवलं की मनवा रजेवर आहे, कारण खाजगी आहे, ऑफिस बंद आहे.

घर आज घरासारखं वाटतंय. मनवा झोपली आहे, खिडकी बंद न करता. अशीच पाठीशी राहा.

सुनेत्रा


माझगाव,
२२ एप्रिल २०२४

चि. सुनेत्रास,

आशीर्वाद द्यायलाही तोंड नाही. काल मी माती खाल्ली.

टॅक्सी करून हापूसची पेटी घेऊन आले, जिना कशीबशी चढले, तर तात्या वाटेत आडवे आले. काहीतरी विचारलं त्यांनी, अगदी हळू. पोर झोपली असेल म्हणून हळू बोलत होते, हे मला आता कळतंय. मला वाटलं, मनवाचंच विचारतायत. म्हणून मी आपली सांगायला गेले, माझ्या नेहमीच्या आवाजात, की तिला आता पाचवा सरला ना! अख्ख्या चाळीची डोकी कठड्यावर आली. ज्या म्हाताऱ्याला आपण दोन वर्षं चोर ठरवलं तो जिभेला कुलूप लावून बसलेला, आणि बोंब मारली मी, सख्ख्या मावशीने.

तात्यांचा चेहरा असा झाला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मला आत ओढलंस, पण मनवाने तोंड फिरवलं नि बॅग भरायला घेतली, ते मी पाहिलं. मग मला तिथे बसवेना, पेटी ठेवून निघून आले. पोर गेली का गं? जे असेल ते फोनवर सांग. यंत्र लावलंय. मिक्सर घोंघावू दे.

अपराधी,
ताई


लालबाग,
३० ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र लावल्यापासून आपण रोज फोनवर बोलतो, मग पुन्हा पत्र कशाला म्हणशील. पण हे फोनवर सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तुला यंत्रातून नुसतं नाक ओढलेलं ऐकू येईल.

त्या एप्रिलच्या दुपारी मनवा बॅग घेऊन दारापर्यंत आली होती, हे तुला सांगितलंच आहे. जिन्यात तात्या दोन्ही हात कठड्याला लावून उभे, समोर ओटीचे नारळ घेतलेल्या तीन बायका, आणि तात्या त्यांना बजावतायत की ज्यांनी ऐकलं ते चुकून ऐकलं, वर यायचं असेल तर आधी अर्ज आणा. ऐंशीला टेकलेला माणूस, पण हलला नाही. मनवाने बॅग आत नेली आणि उघडली. त्यानंतर चाळीतलं कोणीही बोलावल्याशिवाय आमच्या उंबऱ्याशी आलं नाही.

परवा तिला आणि बाळीला दवाखान्यातून घरी आणलं. गणपतीची गर्दी वाढायच्या आत गल्लीत गाडी शिरली, नशीब. बाळी तुझ्यावर गेली आहे, रडते तेव्हा भोईवाड्यापर्यंत ऐकू जातं. तात्यांनी लांबून बघितलं. मनवानेच बोलावून मांडीवर दिली, तेव्हा बसले जपून.

मग तिने त्यांना फळ्यावर लिहा म्हणून सांगितलं. ते नाहीच म्हणाले. त्या फळ्यावर आता फक्त पाण्याच्या वेळा, म्हणाले. कितीदा सांगितलं, ऐकेनात. शेवटी पोरीने कागद घेतला आणि अर्ज लिहिला, की खाजगी कारण आता खाजगी राहिलेलं नाही, तरी जाहीर करावं, ही विनंती. तेव्हा कुठे खडू हातात घेतला. आता फळ्यावर मोठ्या अक्षरात आहे, मनवा हजर, सोबत नवीन भरती एक. वर कमळ. तिने सांगून काढून घेतलंय.

बारशाला नक्की ये. जिन्यात तात्या काही विचारतील, तेव्हा हळू बोल.

तुझ्या सावलीतली,
सुनेत्रा

ता. क. — सकाळी मनवा पूर्वीसारखी रकाने आखायला म्हणून तात्यांचं मस्टर घेऊन बसली होती. तिचं पान तिने मला दाखवलं. दोन वर्षांचे सगळे खाडे त्यांनी एकेक करून खोडले आहेत, आणि प्रत्येकावर लिहिलं आहे, रजा. मंजूर.