आबांनी सांगितलेला शेवट

कुरुंदा, ता. वसमत
दि. ११ जानेवारी २००४

ती. हनुमानदादास,
सीमाचा सा. न. वि. वि. रीत म्हणून लिहिलं आहे, मनातून नाही, हे आधीच सांगते.

फोनवर तू बरं बरं म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतोस, म्हणून कागदावर भांडते आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी आबांना परवा पुन्हा तपासलं. काचबिंदूने उजवा डोळा गेलाच. डावा दसऱ्यापर्यंत टिकला तरी खूप, म्हणाले. वर्तमानपत्र, पत्रं, सगळं आता मीच वाचून दाखवते.

त्यांची इच्छा एकच आहे आणि ती तुला ठाऊक आहे. ती शनिवारची इंग्रजी पोलिसांची मालिका ज्या गावात काढली, तिथला दगडी पूल एकदा बघायचा. पंचवीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं आणि इंग्लंड पाहिलं ते पुनमचंद शेटच्या केबलवर. शनिवारी सातला आपलं अंगण कसं भरायचं! चाळीस माणसं, टीव्ही ओट्यावर, आणि आबा वाक्यावाक्याला मराठीत सांगायचे. लाईट गेली तरी कुणी उठत नसे. तू तिथे दवाखान्यात नर्स होऊन दोन वर्षं झाली. बापाला बोलावणं पाठवायची एवढी काय तकलीफ आहे? शेजारचे मसाजीकाका रोज विचारतात, पोरगं बापाला काहून बोलावून न्हाई राहिलं. मी त्यांना काय उत्तर देऊ?

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट कळव.
सीमा


इंग्लंड
दि. ६ फेब्रुवारी २००४

चि. सीमास आशीर्वाद. तुझ्या नमस्काराइतकाच कोरडा.

अंगणाची आठवण मला करून देतेस? मला दुसरं काही आठवतच नाही. चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर. दहावीच्या सराव परीक्षेचा इंग्रजीचा पेपर आबांच्या ट्रंकेतून चोरीला गेला होता. मी आदल्या वर्षी इंग्रजीतच नापास होऊन तुझ्याच वर्गात बसलेलो. ट्रंक हळद साठवायच्या खोलीत. आबांच्या अंगात तेव्हा त्या मालिकेतला इन्स्पेक्टर शिरलेला. त्या शनिवारी गोष्ट संपल्यावर त्यांनी लोकांना बसवून ठेवलं, माझ्या चपला मागवल्या आणि उलट्या करून कंदिलापुढे धरल्या. तळ पिवळेधमक. आताच गोष्टीत असंच झालं ना, म्हणाले. ज्याचे बूट मळले तोच गुन्हेगार. मग चाळीस माणसांपुढे सांगितलं की चोर सापडला आणि तो माझ्याच पोटचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सीमा. खेळाचाच भाग वाटला त्यांना.

पेपर गेला त्या दुपारी मी बजरंगबरोबर पाटाच्या पाण्यात पोहत होतो, अनवाणी गेलो होतो, हे मी तीनदा सांगितलं. इन्स्पेक्टरसाहेबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला मामाकडे निघून गेलो आणि त्यानंतर त्या गावात पाय टाकला नाही.

आता माझी अट ऐक. आबांनी त्याच अंगणात, तेव्हा तिथे बसलेले मसाजीकाका आणि खाजाचाचा समोर असताना म्हणायचं, माझा मुलगा चोर नव्हता. त्या दिवशी बोलावणं पाठवतो. तोवर पुलाचं नाव काढायचं नाही.

लोभाचं म्हणशील, तर तो त्या चपलांबरोबर तिथेच राहिला.
हनुमान


कुरुंदा
दि. २५ फेब्रुवारी २००४

ती. दादास सा. न.

नऊ वर्षं झाली आणि तू अजून चपला कवटाळून बसला आहेस. आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्यापुढे अटी घालताना जिभेला काही वाटलं नाही? चपला तुझ्या होत्या की नव्हत्या? हळद लागली होती की नव्हती? मग बापाने काय चूक केलं?

तुझी अट मी आबांना वाचून दाखवलेली नाही. चपलांचं आणि अटीचं सगळं गाळलं. उलट माझ्या मनाने एक ओळ घातली, की दादा लवकरच तो पूल बघायला जाणार आहे आणि तुमच्यासाठी सगळं बारीक लिहिणार आहे. आबांनी ते तीनदा वाचून घेतलं. खाजाचाचांना बोलावून सांगितलं. तेव्हा आता मुकाट्याने जा, बघ आणि लिही. एवढं तरी कर, मग मी तुझ्या वाटेला जाणार नाही.

लोभ मागत नाही.
सीमा


इंग्लंड
दि. २२ मार्च २००४

चि. सीमास,

तुझ्या खोटेपणापायी रविवार घालवून ते गाव बघून आलो. त्या मालिकेच्या सहलीच्या बसमध्ये सगळ्या साठीपुढच्या बाया, डब्यातून काकडीचे सँडविच आणलेल्या, आणि एक वाटाड्या. ज्या नदीत दर शनिवारी एक प्रेत वाहायचं तिला गुडघाभर पाणी आहे, बदकं चालत जातात. पूल आपल्या ओढ्यावरच्या फरशीपुलापेक्षा फार मोठा नाही. पोलीस ठाणं म्हणजे लोकरीचं दुकान. आतलं सगळं म्हणे दुसऱ्याच शहरात काढलेलं. इन्स्पेक्टरच्या घरात दातांचा डॉक्टर बसतो. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो आणि मला फक्त राग आला. या एवढ्याशा पुलासाठी माझं घर गेलं.

तिथल्या दुकानात मालिकेच्या डीव्हीड्या होत्या. त्या शनिवारचा भाग शोधून घेतला. घरी येऊन बघितला, आणि शेवटाला आलो तेव्हा खुर्चीतून उठलो. आबांनी सांगितलेला शेवट त्यात नाहीच. बुटांवर चुना असलेला तो पोरगा निर्दोष सुटतो. त्याचे बूट घालून गुन्हा त्याच्या मावशीने केलेला असतो. मग इतरही भाग लावून बघितले, एकाचाही शेवट आबांनी सांगितलेला नव्हता. सीमा, पावणेआठला लाईट जायची आणि पुढचं आबा आपल्या मनाने सांगायचे! कुठल्याही शनिवारचा खरा शेवट कुरुंद्यात कुणी पाहिलाच नाही. आणि मनाने रचलेल्या असल्या शेवटावर त्यांनी मला चोर ठरवलं.

त्यानंतर झोप आली नाही, म्हणून हिशेब मांडत बसलो. आई त्या दिवशी डोंगरकड्याला माहेरी. आपल्याला अभ्यासाची सुटी, आबा शाळेत. मी अनवाणी पाटावर. माझ्या चपला दाराशी होत्या, आणि घरात एकच माणूस उरलं होतं. ते नऊ वर्षं मला पत्रांतून अक्कल शिकवून राहिलं आहे.

हे पत्र आबांना वाचून दाखव. या वेळी काय गाळतेस ते मला दिसणार नाही, पण तुला दिसेल.
हनुमान


कुरुंदा
दि. १२ एप्रिल २००४

चि. हनुमान यास पुंजाजीचे अनेक आशीर्वाद.

बोलणारा मी आहे, लिहिणारी सीमा. अक्षर तिचं म्हणून संशय घेऊ नकोस. लिहून झाल्यावर खाजा मिया मला पूर्ण वाचून दाखवणार आहेत आणि मगच पाकीट चिकटवायचं आहे. तुझं पत्र तिने अक्षरही न गाळता वाचलं, आधीच्या पत्रातली गाळलेली अटही. चपलांच्या ओळीवर ती उठली. पाणी प्यायली आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

(दादा, हे आबांनी सांगितलेलं नाही. पेपर मी काढला. वर्गातली राधिका माझ्यापुढे पहिली येईल या भीतीने. दाराशी सापडल्या त्या चपला पायात घातल्या. तू सापडलास तेव्हा आधी बरं वाटलं आणि नंतर तोंड उघडायचा दिवस निघून गेला. मी तुझ्यावर ओरडत राहिले, कारण गप्प बसले असते तर रडले असते.)

शेवट मी मनाने सांगत असे हे खरं. लोक अंधारात बसून राहत, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्याची मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती ऐकून सीमाचा हात थांबला आहे. मी तिला म्हणालो, लिही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर सीमाचा परकर वाळत होता. धुऊनही त्याची किनार पिवळी होती. मला तेव्हाच कळलं. तू नांदेडच्या जीपमध्ये बसत होतास तेव्हा मी पुनमचंदच्या दुकानाआड उभा होतो. हाक मारली असती तर तू उतरला असतास. पण चाळीस माणसांपुढे दिलेला निकाल मास्तरने परत कसा घ्यायचा, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. जीप गेली. मी शाळेत जाऊन रविवारचा जादा तास घेतला.

काल अंगणात जे कुणी उरलेत त्यांना बसवलं आणि हे सगळं सांगितलं. कुणी दचकलं नाही. मसाजी म्हणाला की मास्तर, आमाला तवाच म्हाईत व्हतं, तुमीच सांगून न्हाई राहिले, मग आमी कसं बोलावं. म्हणजे नऊ वर्षं सगळं गाव माझी अब्रू सांभाळत होतं, आणि तिची किंमत तू एकटा मोजत होतास.

तुझी अट पुरी झाली म्हणून बोलावणं पाठवू नकोस. मला आता पूल बघायचा नाही. तू ये असं म्हणायचा हक्कही मला राहिलेला नाही. डावा डोळा दसऱ्यापर्यंत आहे, एवढं फक्त कळवतो.

तुझा,
पुंजाजी