घासलेले दगड

आई, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता म्हातारा झालो आहे, आणि तरी तुलाच विचारावंसं वाटतं, जो खात नाही त्याला खाऊ कसं घालायचं. माणूस नाही, मासा आहे. बोटाएवढा. माझा मुलगा, ज्याला तू पाहिलं नाहीस, मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात होता. कंपनीनं त्याला कोरियाला पाठवलं. जाताना खाऱ्या पाण्याची काचेची टाकी माझ्या हवाली करून गेला. तिच्यात हा एकच मासा, ड्रॅगनेट म्हणतात त्याला. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, ओल्या रंगात काडी फिरवावी तशी. तो पोहतो कमी, दगडांवरून चालल्यासारखा जातो आणि काहीतरी टिपत राहतो. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा तो त्याला बघायला. "बाबा, जरा फोन टाकीकडे धरा." मी धरायचो. मासा समोर फिरत असेपर्यंत तो बोलायचा, मधेच विचारायचा, गुडघा कसा आहे, गोळी घेतलीत का. तेवढं मला पुरायचं. मासा गेला तर हेही जाईल, ही धास्ती पहिल्या दिवसापासून होती.

तुला पेरांबूरच्या क्वार्टरमधला न्हाणीघरातला हौद आठवतो का? दिवाळी तोंडावर आलेली, मी आठवीत नापास होऊन घरी बसलेला. तू माझ्या हातात नारळाची शेंडी देतेस आणि मला हौदात उतरवतेस. मी वरवर घासून बाहेर येतो. तू आतून बोट फिरवतेस आणि ते हिरवं बोट माझ्या नाकासमोर धरतेस. "शाळेत डोकं चाललं नाही, इथं हात तरी चालव. याच पाण्यानं तुझे वडील आंघोळ करणार आहेत." मी पुन्हा उतरतो, सिमेंट पांढरं होईपर्यंत घासतो. मग स्वयंपाकघरात तू कढईतली करंजी नैवेद्याच्या आधीच माझ्या हातावर ठेवतेस आणि दुसरीकडे बघत राहतेस. पुढे कारखान्यात जन्मभर मशिनं पुसली, पण घासायचा हात तिथला नाही, तुझा आहे.

तोच हात या दिवाळीत चालला. घर आवरलं आणि टाकीतले दगड नजरेत भरले, हिरवट, तपकिरी, बुळबुळीत. मुलगा लांबून बघणार, त्याला बापाचं घर घाण दिसायला नको. एकेक दगड काढून नळाखाली शेंडीनं घासला. संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, टाकीत नवीन दिवा लावलात का? सगळं पांढरं दिसतंय." मी म्हटलं, "दिवाळी आहे ना."

नंतर माशाचं पोट आत जायला लागलं. दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे, तो बघायचासुद्धा नाही. घाबरून कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं तमिळमध्ये विचारलं, "आजोबा, दगड धुतलेत का?" मी हो म्हटल्यावर तो हसला. "दिवाळीचं गंगास्नान माशालाही घातलंत. अहो, त्या शेवाळात डोळ्याला न दिसणारे किडे असतात. हा तेच खातो, जिवंत. तुम्ही त्याचं ताटच धुऊन टाकलंत." मग हसणं थांबवून त्यानं किड्यांची बाटली दिली. पंप बंद करायचा, नाहीतर तोच सगळे ओढून घेतो. औषधाच्या सिरिंजनं दगडाजवळ हळूच सोडायचं. मी सोडतो. माझा नेम चुकतो, निम्मे कुठल्या कुठे जातात. मासा दिवसभर टिपत राहतो, आणि पाठीचा काटा रोज जास्त वर येतो.

एका संध्याकाळी फोन चालू असताना मासा नेमका काचेला येऊन बसला. मुलानं पोटाचा खळगा बघितला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा, तुम्हाला कुठं माहीत होतं. आता तो वाचत नाही. रोज दाखवू नका, मला बघवत नाही." चिडला असता तर बरं झालं असतं. तुझ्यासारखं बोट नाकासमोर धरलं असतं, तर मी पुन्हा उतरलो असतो. त्यानंतर संध्याकाळी फोन वाजत नाही. मी केला की मेसेज येतो, कामात आहे, मग करतो.

हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं वाचून तू काय म्हणाली असतीस या भीतीनं पाठवला नसता. मासा अजून आहे. आज बाटली हातात घेऊन टाकीपुढे बसलो आणि मनात आलं, हा एकदाचा मेला तर निदान ते कळवायला तरी फोन करता येईल, आणि तेवढ्यापुरता तो उचलेल. बाटली तशीच खाली ठेवली. पंप चालूच आहे.