येळवशीला डॉक्टर येणार

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
आजपासून रोज डायरी. निलंगा डेपोत कंडक्टर म्हणून जन्मभर लोकांना फिरवलं, स्वतः काही बघितलं नाही. ते काम आता लेक करते. आमची रुद्राणी तिकडं परदेशात बिश्केकला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला आहे. आज फोटो पाठवला. विटांचा जुना मनोरा, मागं बर्फाचे डोंगर, पुढं ती लाल टोपीत. मनोऱ्याचं नाव बुराना. कॉलेजनंच नेलं असणार. जुन्या काळचे रोग शिकवायला नेत असतील.

१२ ऑक्टोबर.
रोज जमलं नाही. गुडघा.
ग्यानोबाच्या हॉटेलात फोटो दाखवला. बुरान्यावर थोडं बोललो. ग्यानोबानं विचारलं, पोरगी लई फिरती, अभ्यास कधी करती? तिकडं शिक्षण मोकळं असतं, आपल्यासारखी घोकंपट्टी नाही, असं त्याला समजावलं. तो कप विसळायला निघून गेला. असल्या माणसाशी काय बोलायचं.

३ नोव्हेंबर. संध्याकाळ.
नवा फोटो. रुद्राणी घोड्यावर. बरोबर आपल्याकडचीच वयस्कर माणसं, पोटं सुटलेली. एकाच्या डोक्याला मफलर, हातात चिवड्याची पुडी. प्रोफेसर दिसतात. मोठी माणसं साधीच असतात.
दिवाळीला आली नाही. प्रॅक्टिकल. मागच्या दिवाळीलाही प्रॅक्टिकलच होतं. फोन करते तो आईच्या मोबाइलवर. मी हातात घेतला की रेंज जाते. आमच्या देवणी गावाला अजून एक टॉवर पाहिजे. अर्ज करणार आहे.

२३ नोव्हेंबर.
अर्ज राहिला.
आज उगीच जुनं आठवलं. बारावीनंतर रुद्राणीला भूगोल घ्यायचा होता. भूगोल! मी समजावलं. दोन दिवस जेवली नाही, खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पटलं तिला. बापाला कधी कधी कडक व्हावं लागतं. आता कळत असेल तिला, आप्पा बरोबर होते.

१० डिसेंबर.
फायनल. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रुद्राणी येणार. उमादेवीच्या हातातून मोबाइल घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, की अख्खं गाव त्या दिवशी शेतात जेवतं, पुण्या-मुंबईची पोरं रजा टाकून येतात, तू पाहिजेसच. ती काही बोलली नाही. म्हणजे येणार.
अर्ध्या देवणीला आमच्या शेतात आमंत्रण दिलं. ज्याला बीपी, ज्याला शुगर, त्यानं फाइल घेऊन यायची. जेवणं झाली की डॉक्टर मॅडम तपासतील. उमादेवी म्हणाली, लोकांना कशाला सांगूलालाव? बायकोला पब्लिसिटी कळत नाही.

१७ डिसेंबर.
विमान कधीचं ते कळवलं नाही. सरप्राइज दिसतंय. शेतात लाकडी खुर्ची नेऊन ठेवली. डॉक्टरनं प्लास्टिकच्या खुर्चीत बसणं बरं दिसत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस. संध्याकाळ.
पूजेला कडब्याची कोप बांधली, खोपटासारखी. पूजा केली, शेतात आंबील शिंपडली. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं बेस झालं होतं. माणसंही झाडून सगळी आली. पण फाइल एकानंही आणली नाही. ग्यानोबा शुगरसाठी उदगीरच्या चकरा मारतो, तोही हात हलवत आला. सणाच्या गडबडीत विसरले म्हटलं. खुर्चीत कुणी बसेना. शेजारची शिल्पा माझ्याकडं बघायची आणि मान खाली घालायची. मी आपला गाडीवाटेकडं डोळे लावून.
शेवटी ग्यानोबाच जवळ आला. "गुरुलिंगआप्पा, जेवून घ्या आता. ती न्हाई येत."
मग उमादेवीनं कोपीमागं नेऊन सांगितलं. रुद्राणीनं डॉक्टरकी कधीच सोडली. तिकडंच टुरिझमचा कोर्स करते आणि आपल्याकडून गेलेल्या लोकांना फिरवते. शिल्पाच्या मोबाइलवर तिचे व्हिडिओ येतात, सगळा गाव बघतो. ते प्रोफेसर नव्हते, प्रवासी होते.
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"तुम्हाला भेती ती," उमादेवी म्हणाली. "मी बी भेते."
मला रडू आलं. लोकांनी बघू नये म्हणून बोअरवर तोंड धुतलं. परत आलो तर सगळे माझ्यासाठी जेवायचे थांबले होते. जेवलो. कशाची चव कळली नाही.

२१ डिसेंबर, रविवार.
काल दिवसभर ठरवलं, रागवायचं नाही. आज माझ्याच मोबाइलवरून लावला. उचलला तिनं. आता बोलणी बसणार म्हणून ती वाट बघत होती, ते कळत होतं.
"तिकडं मोठं तळं हाय म्हणं," मी म्हणालो. "थंडीत गोठतं का गं?"
नाही गोठत, म्हणाली. मग हळूहळू बोलायला लागली. पाणी खारट आहे, चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर, तरी तळं तसंच निळं राहतं. वारे कुठून येतात, त्यांची नावं काय, काठावरच्या गावात काय खातात. लई छान सांगते. मी हाव, हाव म्हणत ऐकत होतो. जन्मात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. डॉक्टर हा शब्द मी तोंडातून काढला नाही.
बोलणं रंगलंय असं वाटलं म्हणून शेवटी विचारलं, बाळ, घरी कधी येतीस?
ती म्हणाली, आप्पा, आईकडं द्या.
दिला.