चार दिवसांत उतरलेले किलोमीटर

४ सप्टेंबर

पाचवी गाडीही गेली! दादा गाडीखाली शिरला, दोन मिनिटांत बाहेर आला, हात पुसले आणि मालकासमोरच म्हणाला, "तळ सडलाय. चल." मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. माझंही.

एक ऑक्टोबरला स्वतःची गाडी नसेल तर टेकडीपलीकडची गावं मला मिळणार नाहीत — लॅबच्या मॅडमनी स्वच्छ सांगितलंय. घरोघरी रक्त काढायचं, नमुने दोन तासांत परत आणायचे. बसने? बस तासाला एक, तीही तिची मर्जी असेल तर. आणि गावं नाहीत म्हणजे कायमची नोकरी नाही. बसा पुन्हा कंत्राटावर!

दादाचं पालुपद मात्र तेच — "मालकाचं तोंड बघू नकोस, दरवर्षीच्या तपासणीचा कागद बघ. कागदाला लाज नसते, म्हणून तो खोटं बोलत नाही." वीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्याचं ऐकायलाच हवं. पण पाच गाड्या!

येताना गॅरेजातल्या गाडीत आई मागे बसली होती. सीटबेल्टचा पट्टा लाव म्हटलं की तिचं सुरू — "त्या डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही मला बांधून घातलं होतं, आठवतंय का?" आठवत नाही कसं! दवाखान्यातून घरी आणताना पट्टा अडकला. ही एका डोळ्यावर पट्टी घेऊन ओरडतेय, शेजारी गोळा झालेले. शेवटी दादाने स्वयंपाकघरातली कात्री आणून पट्टाच कापला. कुणाची तरी विकायला आलेली गाडी, दुसऱ्या दिवशी तपासणीला न्यायची होती. मी हसून हसून पायरीवरच बसले होते.

७ सप्टेंबर

सहावी. धूर. नको.

९ सप्टेंबर

सातवी मी शोधली. दादाला फोटो पाठवला. मिनिटभरात उत्तर — "सोड ही."

न बघताच! बाकीच्या सहा गाड्यांखाली लोळला, हिच्या फोटोकडेही धड बघितलं नसेल. विचारलं का, तर म्हणे, "डिझेल आहे. नको." आणि त्या सहा काय पाण्यावर चालत होत्या?

११ सप्टेंबर

एकटीच गेले. त्याच्यावाचून काय अडलंय माझं!

गाडी एका बाईंची. शाळांचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत तीन मशिनं, निळ्या स्कर्टांचे ढीग. मला बसायला एक ढीग उचलावा लागला. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. गणवेश पोचवायला स्वतःच गाडी चालवायच्या, आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत. पांढरी गाडी, किल्ली फिरवली की सुरू. चढावर नेली, कुरकूर नाही. सीटखाली हात घातला तर टाचण्या निघाल्या. मागचे दोन पट्टे राखाडी, डावीकडचा काळा. "घेतली तेव्हापासून तसाच आहे," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांत तपासणीत एकदाही नापास नाही म्हणे. "आमचे गॅरेजवाले भाऊ आहेत ना! ह्यांच्या ओळखीचे. दर नोव्हेंबरात आपणहून येतात, गाडी नेतात, सगळं करून आणून देतात. एक पैसा घेत नाहीत. हे गेल्यावरही चुकले नाहीत."

फुकट काम करणारा गॅरेजवाला! असा प्राणी अजून जन्माला यायचाय. आमचा दादा तर सख्ख्या बहिणीकडूनही पंक्चरचे पैसे घेतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ सप्टेंबर

कागद बघ, कागद बघ — बघितला! तपासणी केंद्राने यंदा जुन्या नोंदीही संगणकावर चढवल्यात. गाडीचा नंबर टाकला. गेल्या वर्षापर्यंत दर नोव्हेंबरात पास, पास, पास. आणि सगळ्यात खाली, बाईंच्या यजमानांनी गाडी घ्यायच्या जरा आधी, दोन नोंदी:

१४ नोव्हेंबर — नापास — १,७१,३४० कि.मी.
१८ नोव्हेंबर — पास — ९८,२२० कि.मी.

चार दिवसांत त्र्याहत्तर हजार किलोमीटर गायब! गाडी उलटी चालवली असती तरी एवढी मागे गेली नसती.

दादाला फोन केला. "सांगितलं ना, सोड म्हणून! तिच्यातच काय एवढं अडकलंय तुझं?" आणि फोन ठेवला. स्वतःच शिकवायचं आणि कागद दाखवला की अंगावर यायचं. बरा न्याय आहे!

१५ सप्टेंबर

तपासणी केंद्र. खिडकीपुढे सव्वा तास.

"आकडा लिहिताना चुकला असेल."
"मग नापास का झाली?"
"शेरे संगणकावर नसतात. मूळ कागदावर."
"मग तो दाखवा."
"मालकाची सही असलेला अर्ज आणा."

हे आधी सांगता आलं नसतं? सव्वा तास मी काय खिडकीची शोभा वाढवत होते?

१६ सप्टेंबर

मॅडमनी विचारलं, "गाडीचं झालं का?" म्हटलं, होतंय. काय होतंय, कपाळ!

१८ सप्टेंबर

बाईंची सही घेतली. हातातलं बटण खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काही वावगं नाही ना?"

"नाही हो. कागदपत्रं पूर्ण असावीत म्हणून."

धडधडीत खोटं बोलले. काय करू? त्या सांगत होत्या, ह्यांचा फार जीव होता गाडीवर. म्हणायचे, इतकी कमी चाललेली गाडी मिळायला नशीब लागतं. चहा दिला, अर्धा ठेवून उठले.

त्या भल्या माणसाला ज्याने फसवलं तो चोर मला एकदा बघायचाय. दोन्ही दंडांतून रक्त काढीन त्याच्या, तेही बोथट सुईने!

१९ सप्टेंबर

अर्ज दिला. साहेब रजेवर. सोमवारी या.

२२ सप्टेंबर

कागद मिळाला. नापास होण्याचं कारण एका ओळीत आहे —

"मागचा डावा सीटबेल्ट कात्रीने कापलेला. बदलून आणावा."

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "बाई, पाणी देऊ का?"

२३ सप्टेंबर

आईची दवाखान्याची फाइल काढली. तिला १३ नोव्हेंबरला घरी सोडलं होतं. वर्ष तेच.

"कशाला हवीय ती?" तिने विचारलं.
म्हटलं, "सहज."

२५ सप्टेंबर

मॅडमचा फोन आला, घेतला नाही. दादाचे दोन आले, तेही नाही.

बाबा गेल्यावर दादाच होता. सायकल त्याने शिकवली, स्कूटर त्याने शिकवली. कुणी कमी-जास्त बोललं तर पाना घेऊन धावायचा. लोकांना मी छाती काढून सांगते, माझ्या भावाच्या गॅरेजात लबाडी चालत नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू? मला लाज वाटते. रडू येतं. आणि रडू येतं म्हणून आणखी संताप होतो.

आणि पट्टा कापला त्या दिवशी आम्ही सगळे हसत होतो. उद्या ही गाडी कुणाच्या तरी गळ्यात मारायचीय हे त्याला तेव्हाच ठाऊक असणार, तरी आमच्याबरोबर हसत होता!

२८ सप्टेंबर

गेले गॅरेजात. तो एका इंजिनात वाकलेला. कागद त्याच्या बाकड्यावर ठेवला, पान्यांच्या मध्ये. त्याने हात पुसले, वाचला. पुन्हा वाचला. एवढीशी ओळ, किती वेळ वाचत होता!

"आईचा पट्टा," म्हणाला. बस्स.

मग मीच बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. एकदा तरी तो उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी सांगून टाकलं — गाडी घेईन तर हीच घेईन, पण खऱ्या आकड्यावर. आणि तो आकडा बाईंना तू सांगायचास. तुझ्या तोंडाने. उद्या. नाहीतर मला बहीण म्हणू नकोस.

"बरं," म्हणाला.

नुसतं बरं! उद्या भाजी आण म्हटल्यासारखं.

२९ सप्टेंबर

स्कूटरवर त्याच्या मागे बसले. पत्ता मी अजून सांगितलाही नव्हता, आणि दादा बाईंच्या गल्लीत वळला.

बाईंनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"अगंबाई, भाऊ! यंदा लवकर आलात? तपासणीला अजून दोन महिने आहेत की!"

दादा दारातच उभा. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वहिनी," तो म्हणाला, "आज गाडी न्यायला नाही आलो."