पणजोबांचे गाल

१२ जानेवारी २००८
पुण्याहून परतलो. सूरजला रक्तवाहिन्यांचा आजार आहे. डॉक्टरांनी सीटीच्या फोटोत दाखवलं — हृदयातून निघणारी मोठी धमनी सरळ नाही, वेड्यावाकड्या वळणांनी गेलेली. फुगून फाटली तर... पुढचं त्यांनी हळू सांगितलं. गोळी रोज. कुस्ती बंद.

अंगठा मनगटाला टेकतो, मानेची कातडी चिमटीत धरली की लांबते, तान्हेपणी हर्निया झाला — सगळं यातलंच. आणि ते लोंबते गालसुद्धा! जन्मला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझा बा आला परत." पणजोबा गेणबांचे गाल म्हणून आम्ही नऊ वर्षं कौतुक केलं. घरात त्याला सगळे आबाच म्हणतात.

एसटीत म्हणाला, "कुस्ती न्हाई तर न्हाई. आबाला कोण पाडनार?"

१५ जानेवारी
"तुम्ही नवरा-बायको नात्यातले का?" डॉक्टरांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. मी आत्याच्या घरी दिलेली. गेणबा आम्हा दोघांचेही आजोबा. डॉक्टर म्हणाले, हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मुलाला काही होत नाही. दोघांकडून आला तरच.

पुढच्या महिन्यात आमच्या थोरल्या प्रगतीचा साखरपुडा — आमच्या वन्संच्या, मुक्ताबाईंच्या दत्ताशी. दोष तिच्यातही असेल. त्याच्यातही.

१६ जानेवारी
यांना म्हटलं, थांबवू या.
"सुपारी फुटलीय. भनीला काय सांगू? आपलं काय वाईट झालं गं?"
तेवढ्यात सूरज आत आला. हे उठून गोठ्याकडे गेले.

२० जानेवारी
प्रगतीला सांगितलं. "आई, मला दत्ताच पाहिजे." जेवली नाही.

२१ जानेवारी
आजही बोलत नाही.

२७ जानेवारी
वरवंडहून वन्सं आल्या, भांडायलाच. "माझं पोरगं काय रस्त्यावर पडलंय व्हय? डाक्टरच्या नादानं घर तोडतीस!" मी सूरजचं नाव घेतलं. त्यांनी पदर सावरला, चहा तसाच ठेवून गेल्या.

२८ जानेवारी
वन्संचा फोन. "आमचंबी नात्यातलंच. दत्ताच्या आधीचा माझा थोरला असाच व्हता. मांडीवर खेळता खेळता गेला. तुझा सूरज जन्मला तवाच वळखलं मी. बोलले न्हाई." मग म्हणाल्या, "पोरीला सांग, आत्यानंच नको म्हटलं. राग माझ्यावर राहू दे."