दोनशे पट खचलेलं घर

पेण, बुधवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप दिनानाथमामा यांस,

भाचा नितेश याचा नमस्कार. राग असेल तर नमस्कार सावकाश घ्या, मी तो इथे ठेवून पुढे जातो. तुमचा गुडघा कसा आहे? अनितामामीची तब्येत उत्तम असावी, असं सोमवारी फोनवरच्या आवाजावरून वाटलं. मी बरा आहे, फक्त जेवण जात नाही. तुम्ही फोन उचलत नाही (ते बरोबरच आहे), म्हणून हे पत्र ऑफिसातल्या वैशालीताईंबरोबर पाठवतो. त्या उद्या रोह्याला माहेरी चालल्या आहेत आणि वाटेत तुमच्या खांबला उतरून देते म्हणाल्या.

ऐन पायाभरणीच्या वेळी मी फोन करून काम का थांबवलं, ते सविस्तर सांगायला हवं. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षीच सुटला, हे तुम्हाला माहीत आहे. हैबतराव साहेबांनी मला माती तपासणीचे अहवाल टाईप करायला ठेवलं ते माझं शुद्धलेखन पाहून. पुढे मातीचं सॉफ्टवेअरही माझ्याकडे आलं. साहेब आकडे सांगतात, मी भरतो. त्यात जमीन खरवसाच्या वडीसारखी उभी कापून दाखवतात. वर भराव, मधे चिकणमाती, तळाला मुरूम. मग सगळ्या मातीवर बारीक त्रिकोणांची जाळी पडते आणि संगणक एकेका त्रिकोणाला विचारत जातो, की बाबा, घराचं ओझं आल्यावर तू किती दबलास? हजारो त्रिकोण असतात. कुणी खोटं बोलत नाही.

तुमचं घर मी पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत बसवत होतो. तुम्ही सांगितलेले पायाचे बारा खड्डे, चार फूट खोल, सगळं तंतोतंत. घराच्या वजनात भाताच्या कणग्या धरल्या, मामीचं लोखंडी कपाट धरलं, ओटीवर दुपारी बसणारी माणसंही धरली (दाजीकाका आले तर म्हणून थोडं वाढवून). मग गणित चालू करून बघत बसायचो. मामा, ते फार सुंदर असतं हो. पायाखाली ओझं उतरतं ते पाण्यात निळीचा थेंब सोडल्यासारखं. आधी गडद, मग फिकट, मग इतकं पातळ की खालच्या मातीला कळतही नसेल वर कुणी राहायला आलंय. मला वाटायचं, आपण भात कापून वाल पेरलेल्या तुमच्या शेतात आडवे पडलो आहोत, कान जमिनीला लावून, आणि आत कुठेतरी तुमचं घर पाय पसरून हळूहळू बसतं आहे. तुम्ही ओटीवर कूस बदलली की एखादा निळा त्रिकोण जरासा हलतो आणि पुन्हा झोपतो. ऑफिसखालच्या कारखान्यात गणपतींना पॉलिश पेपर घासत असतात, त्या आवाजात तर डोळेच मिटतात. (दोनदा साहेबांनी उठवलं.)

सोमवारी सकाळी दहाला शेवटचं गणित पुरं झालं आणि चित्र उघडलं तर घर खिडक्यांपर्यंत खाली गेलेलं! स्वयंपाकघर तर म्हशीनं बसकण मारावी तसं एका अंगावर. तुम्हाला फोन लावला, "मामा, माल ओतू नका, घर बुडतंय!" एवढंच बोलता आलं. तिकडे नारळ फुटला होता, कोलाडहून आणलेला काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही एका शब्दावर काम थांबवलंत. मग फोन मामीनं घेतला. "बांधलाच नाय तो घर बुडतो कसा रे? आनि तुझ्या कंपूटरला दुसऱ्या कुनाचा घर नाय गावला?"

दुपारी साहेब आले. चित्र पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला. "अरे, खाली कोपऱ्यात काय लिवलंय ते वाच." बारीक अक्षरात लिहिलं होतं, की खचणं डोळ्याला दिसावं म्हणून दोनशे पट वाढवून दाखवलं आहे. खरं खचणं नऊ मिलिमीटर. "नऊ मिलिमीटर तर सगळीच घरं बसतात," साहेब म्हणाले, "तू पन खाली बस आता." सगळ्या तालुक्याच्या अहवालांतल्या वेलांट्या मी तपासतो, आणि ती एक ओळ वाचली नाही. तुम्ही मात्र माझ्यावर विश्वास ठेवून गवंडी घरी पाठवलेत.

तेव्हा मामा, घर सुरक्षित आहे. तुम्ही रविवारचा नवा मुहूर्त धरलाय असं ऐकलं, तो निःशंक मनाने साधा. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि मामीला जे योग्य वाटेल ते सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
नितेश

ता. क. – पत्र पाकिटात घालत असताना साहेबांनी सहज विचारलं, मामाच्या मातीचे आकडे कुठून घेतलेस? मी म्हटलं, गडब गावातल्या गोदामाच्या अहवालातून, तीही भातशेतीच होती.  साहेब म्हणाले, "मग हे घर गडबला बांधायचं हाय काय?" म्हणजे ते नऊ मिलिमीटर गडबचे आहेत. तुमच्या शेताचे किती, ते कुणालाच माहीत नाही. तरी हात जोडून विनंती, की रविवारीही माल ओतू नका. खड्डे उघडेच ठेवा, पाणी झिरपलं असेल तर उपसून ठेवा. शनिवारी सकाळी साहेब स्वतः येऊन तळाच्या मातीत अंगठा दाबून बघणार आहेत. ते सांगतील तेच खरं.

ता. क. दुसरा – साहेबांचा गुडघाही तुमच्यासारखाच आहे, त्यामुळे बाराही खड्ड्यांत अंगठा दाबायला मलाच उतरायचं आहे. मामीला जे बोलायचं असेल ते मी खाली असतानाच बोलून घेऊ द्या. चार फुटांत मला नीट ऐकू येईल, आणि वर बघावं लागणार नाही.