टकळी उलटी फिरवायची असते

मंगळवार, सांजच्याला

आमची थोरली अक्का सकाळपासून फोन उचलंना. तिच्या कन्नड गावाला रेंज नाय म्हणती नेहमी, लई बहाणे हिचे.

आज दोन सुतं एकत्र पिळत होते. कातताना टकळी उजवीकडं, तर पिळताना डावीकडं, हे मी झोपेतबी चुकले नाय. आज उजवीकडंच फिरवली. सगळं सूत आकसून वेटोळं झालं. सून हसली, "आत्याबाई, मी असं केलं असतं तर माझ्या नावानं बोटं मोडली असती तुमी!"

"गप बस," म्हणलं. सोडवून परत बसले. परत उजवीकडंच! टकळी खाली ठेवली.

आईबी म्हणे आधी हातातली कामंच विसरली. आमची नावं मागून. तिला सांभाळलं अक्कानं, म्हणून नेमकं कसं सुरू झालं ते अक्कालाच ठाऊक.

अक्के, फोन उचलशील तवा गोड बोलू नको. आईचं असंच सुरू झालं होतं का? शुक्रवारपर्यंत मला खरं सांग.